जिन्याचा दिवा: दोन स्विच, एक बल्ब आणि तुमचं पहिलं कोटेशन

वायरमनचा कोर्स झालाय, दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम केलंय आणि आता स्वतःचं काम सुरू करायचंय, अशांसाठी हा लेख आहे. स्वतंत्र घराचं काम मिळालं की जिन्याचा टू-वे पॉइंट येतोच. खालून लावायचा, वर जाऊन बंद करायचा. काम छोटं, पण तुम्हाला किती येतं हे मालकाला इथेच कळतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकन व्हिडिओत ज्याला ‘थ्री-वे’ म्हणतात तोच आपला टू-वे. ते टर्मिनल मोजतात, आपण दिशा मोजतो. ते व्हिडिओ जरूर बघा, पण रंग मात्र उचलू नका. त्यांच्याकडे काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल. शिवाय तिथे दिव्याला १२० व्होल्ट, इथे २३०.

आता जोडणी. टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात: एक कॉमन आणि दोन बाजूचे. फेज खालच्या स्विचच्या कॉमनला द्यायचा. दोन्ही स्विचची बाजूची टर्मिनल दोन वायरींनी एकमेकांना जोडायची. वरच्या स्विचच्या कॉमनमधून निघालेली वायर होल्डरला, आणि न्यूट्रल थेट होल्डरला. न्यूट्रल स्विचमध्ये जाता कामा नये. कॉमन बहुतेक वेळा मधलं असतं, पण कंपनी बदलली की जागा बदलू शकते, म्हणून स्विच बसवण्याआधीच मल्टिमीटरवर कंटिन्युइटी बघून घ्या. मधल्या दोन वायरींना काळा किंवा हिरवा रंग वापरू नका, नाहीतर पुढचा माणूस फेजला न्यूट्रल समजून हात घालेल. तीन मजले असतील तर मधल्या मजल्यावर इंटरमीडिएट स्विच लागतो, चार टर्मिनलचा.

खरी परीक्षा जुन्या घरात होते. पाइपमधून जास्त वायर जात नाही, मालक म्हणतो, “आहे त्यातच भागवा की!” मग काही जण दोन्ही बोर्डांत आधीपासून असलेला फेज आणि न्यूट्रल बाजूच्या टर्मिनलांना जोडतात आणि दोन्ही कॉमन होल्डरला नेतात. दिवा लागतो, बंदही होतो. मालक खूश! पण या जोडणीत दिवा ‘बंद’ असताना होल्डरच्या दोन्ही टोकांना फेज असू शकतो. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कसं कळणार? वर एकाच स्विचच्या आत फेज आणि न्यूट्रल समोरासमोर, आत ठिणगी पडली की थेट शॉर्ट. असं काम करू नका. पैसे सोडून द्या, पण करू नका.

दुसरी पळवाट म्हणजे फेज खालच्या मजल्याच्या सर्किटचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा. दोन मजल्यांना वेगळे आरसीसीबी असतील तर दिवा लावताच ट्रिप होतील, निदान चूक समजेल तरी. नसतील तर पुढे कधीतरी कुणी वरच्या मजल्याचा एमसीबी पाडून न्यूट्रल सोडवेल आणि त्या सुटलेल्या वायरीत बल्बमधून आलेला फेज असेल. म्हणून फेज आणि न्यूट्रल एकाच सर्किटचे, यात तडजोड नाही.

आणि तुमची स्वतःची काळजी. साध्या पॉइंटला स्विच बंद करून होल्डर उघडणारे वायरमन आपण बघतो (तेही चूकच). टू-वेला तर तो विचारही नको. तुम्ही वर शिडीवर, आणि खाली घरातलं पोरगं येता-जाता बटण दाबणार! मधल्या दोन वायरींपैकी एक तर कायमच चालू असते. एमसीबी पाडा, त्यावर टेप लावा, घरच्यांना सांगा आणि मग टेस्टरने तपासा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, तोच खराब असेल तर काय उपयोग?

काम झालं की चारही जोड्या दाबून बघायच्या. दोन वेळा दिवा लागला पाहिजे, दोन वेळा नाही. “बंद केला तरी एलईडी मिणमिणतो” अशी तक्रार आली तर न्यूट्रल स्विचमधून गेलाय का ते आधी बघा. तसं नसेल तर लांब अंतर शेजारी-शेजारी धावणाऱ्या वायरींमुळेही असं होतं. तेव्हा दुसरा बल्ब लावून बघा.

आता धंद्याचं. टू-वे पॉइंट साध्या पॉइंटच्या दरात लिहून नवे लोक हमखास तोट्यात जातात. इथे दोन बोर्ड, दोन टू-वे स्विच, आणि मजल्यापासून मजल्यापर्यंत जाणाऱ्या वायरी. आधी टेपने अंतर मोजा, १.५ स्क्वेअर मिमीची आयएसआय मार्कची वायर धरा, आणि कोटेशनमध्ये ‘टू-वे पॉइंट’ ही ओळ वेगळी लिहा. जुना पाइप भरलेला असेल तर ‘नवीन पट्टी’ असंही वेगळं लिहा, म्हणजे मालक ‘भागवा’ म्हणाला तर त्याला दाखवायला कागद असतो. घराचं नवं वायरिंग परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरमार्फत व्हावं लागतं, त्यामुळे स्वतःचा परवाना निघेपर्यंत अशी कामं त्यांच्या नावावर आणि त्यांच्या देखरेखीखाली घ्या. आणि निघताना जोडणीचा साधा नकाशा काढून डीबीच्या दाराला आतून चिकटवा, खाली तुमचा फोन नंबर.