जखडलेला जबडा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता बोटाखाली काहीतरी सरकल्याचे जाणवते. हाच जबड्याचा सांधा होय. खालच्या जबड्याचे गोलसर टोक आणि कवटीतील खाच यांच्यामध्ये एक लवचिक चकती असते. तोंड उघडताना हे टोक प्रथम जागच्या जागी फिरते व नंतर चकतीसह पुढे सरकते. त्यामुळे प्रौढ माणसाच्या पुढील दातांमध्ये सुमारे ४० मिलिमीटर अंतर पडू शकते.

लहान मूल हनुवटीवर आपटले, म्हणजे तो आघात या सांध्यापर्यंत पोहोचतो. हनुवटीची जखम भरून येते. परंतु सांध्याचे हाड मोडले असल्यास काही मुलांत तेथे नवे हाड तयार होऊन जबडा कवटीला सांधला जातो. कानातील पू सांध्यात पसरल्यानेही असे घडते. धनुर्वातातील दातखीळ स्नायूंच्या आकुंचनाने बसते. येथे अडसर हाडाचाच असतो. मुलाला घास चावता येत नाही, जबड्याची वाढ खुंटून हनुवटी मागे राहते आणि झोपेत श्वासही कोंडू लागतो.

अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. तोंडच उघडत नसल्याने भुलीची नळी बहुधा लवचिक दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातून घालावी लागते. चेहऱ्याचे स्नायू हलविणारा मज्जातंतू जवळूनच जातो. त्याला जपून शस्त्रवैद्य जादा हाड कापून काढतात. हाडे पुन्हा जुळू नयेत म्हणून मधल्या जागेत पुष्कळदा कानशिलाच्या स्नायूचा पदर बसवितात. मुलांमध्ये सांध्याच्या टोकाऐवजी कूर्चेसह बरगडीचा तुकडा लावता येतो. तो मुलाबरोबर वाढू शकतो, मात्र ही वाढ कधी कमी तर कधी अधिक होते. प्रौढांसाठी धातू व पॉलिएथिलीन यांचे कृत्रिम सांधेही उपलब्ध आहेत.

तथापि, शस्त्राने मिळविलेली हालचाल टिकते ती व्यायामाने. शस्त्रक्रियेनंतर लवकरच तोंड उघडण्याचा सराव सुरू करून तो अनेक महिने चालू ठेवावा लागतो. वेदनेच्या भीतीने तो सोडल्यास हाडे पुन्हा जुळण्याचा धोका वाढतो.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाची केवळ जखम पाहून थांबू नये. तोंड कमी उघडत असेल, उघडताना जबडा एका बाजूला झुकत असेल किंवा दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर त्यास विनाविलंब वैद्यास दाखवावे.