ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिमज्जा यांतील मज्जातंतूंभोवती मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते आणि विजेच्या तारेवरील आवरणाप्रमाणे ते शाबूत असेल तरच संदेश वेगाने व अचूक पोहोचतात. शरीराचे संरक्षण करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी या वेष्टनालाच परके समजून त्यावर हल्ला चढवतात, तेव्हा होणाऱ्या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे स्वतंत्र आजार म्हणून सविस्तर वर्णन केले. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विलक्षण थकवा येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक प्रमाणात आढळत असल्यामुळे, माणसाच्या उमेदीच्या वर्षांवरच त्याचा घाला पडतो.

या आजाराचा जगाचा नकाशा काढला असता विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितके रुग्णांचे प्रमाण वाढत जाते. उत्तर युरोपातील अनेक देशांत दर लाख लोकसंख्येमागे शंभराहून अधिक रुग्ण आहेत. ऑस्ट्रेलियासारख्या एकाच देशात, जेथे वंश आणि वैद्यकीय सोयी यांत फारसे अंतर नाही, तेथेही उत्तरेकडील उन्हाळ क्वीन्सलँडपेक्षा दक्षिणेकडील टास्मानियात हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त भरते. स्थलांतरितांच्या अभ्यासाने या चित्रात आणखी एक रेघ ओढली. जेफ्री डीन यांनी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या युरोपीय कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा लहानपणीच तेथे पोहोचलेल्यांमध्ये हा आजार कमी आणि मोठेपणी पोहोचलेल्यांमध्ये मायदेशाइतकाच जास्त आढळला. उलट, भारतीय उपखंडातून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांतील तेथेच जन्मलेल्या मुलांमध्ये, आईवडिलांच्या पिढीत विरळ असलेला हा आजार बराच वाढलेला दिसला. म्हणजे वंशाइतकाच, किंबहुना काही बाबतींत वंशाहून अधिक, बालपणीचा परिसर निर्णायक ठरत होता. परिसरातील ही गोष्ट ऊन आणि उन्हातून मिळणारे ‘ड’ जीवनसत्त्व असावी, असा तर्क १९७४ मध्ये पॉल गोल्डबर्ग यांनी मांडला.

‘ड’ला जीवनसत्त्व म्हणण्याचा प्रघात असला तरी त्याची वागणूक संप्रेरकासारखी आहे. सूर्यप्रकाशातील ‘ब’ गटातील अतिनील किरणे त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश रेणूवर पडली की त्यापासून ‘ड३’ तयार होते. यकृतात त्याचे रक्तात दीर्घकाळ टिकणाऱ्या रूपात परिवर्तन होते, आणि रक्ततपासणीत मोजले जाते ते हेच रूप. पुढे मूत्रपिंडात त्याला अंतिम, क्रियाशील रूप येते. हाडांसाठी कॅल्शियम शोषून घेणे एवढेच त्याचे काम असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. मात्र रोगप्रतिकारक पेशींवरही त्याचे ग्राहक रेणू असतात आणि यांतील काही पेशी स्वतःच ते क्रियाशील रूप बनवतात, हे कळल्यावर दृष्टी बदलली. दाह भडकवणाऱ्या टी पेशींना ते आवर घालते आणि त्यांच्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या टी पेशींना बळ देते. उंदरांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार मुद्दाम निर्माण करून त्यांना क्रियाशील ‘ड’ दिल्यास तो थोपवता येतो, असे १९९६ मध्ये मार्गेरिटा कँटोर्ना, कोलीन हेज आणि हेक्टर डेलुका यांनी दाखवून दिले.

माणसांमधील पुराव्यात सर्वांत मोलाचा ठरला तो अमेरिकी सैन्यातील साठवलेल्या रक्तद्रवाचा अभ्यास. तेथील सत्तर लाखांहून अधिक व्यक्तींचे नमुने नेमाच्या तपासण्यांनंतर गोठवून ठेवलेले होते. कॅसंड्रा मंगर, अल्बर्टो अशेरियो आणि सहकाऱ्यांनी पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या २५७ जणांचे, आजार उद्भवण्यापूर्वीचे नमुने शोधून काढले आणि त्यांची तुलना निरोगी सहकाऱ्यांच्या नमुन्यांशी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार, गोऱ्या व्यक्तींमध्ये ‘ड’ची पातळी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात असणाऱ्यांना सर्वांत खालच्या हिश्श्यातील व्यक्तींपेक्षा ६२ टक्के कमी धोका होता, कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक व्यक्तींमध्ये मात्र असा स्पष्ट संबंध आढळला नाही. रक्त आजारापूर्वीचे होते, ही या अभ्यासाची खरी ताकद. आजारी माणूस घरातच अधिक राहतो, उन्हात कमी जातो आणि त्यामुळे त्याचे ‘ड’ घटते, ही शंका रुग्ण झाल्यानंतर घेतलेल्या रक्ताच्या बाबतीत नेहमी उरते.

तरीही स्थूलता, धूम्रपान, आहार यांसारखे इतर घटक ‘ड’च्या आडून काम करत असतील, हा आक्षेप शिल्लक होता. त्याला उत्तर देण्यासाठी जनुकांचा आधार घेण्यात आला. ज्यांची ‘ड’ची पातळी जन्मजात जनुकीय बदलांमुळे कमी असते, त्यांची ही कमतरता राहणीमानाची देणगी नसते. अशा चार जनुकीय बदलांचा मागोवा घेऊन कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की जन्मजात कमी ‘ड’ असणाऱ्यांमध्ये या आजाराचा धोका लक्षणीय वाढतो. कमतरता हे निव्वळ लक्षण नसून कारणांपैकी एक असावे, असे म्हणायला यामुळे भक्कम आधार मिळाला.

मग हे जीवनसत्त्व औषध म्हणून द्यावे का? येथे निराशा अधिक पदरी पडली. अमेरिकेतील ‘विडाम्स’ चाचणीत आधीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना रोज ५,००० किंवा ६०० एकके ‘ड’ देण्यात आले, पण आजाराने पुन्हा उचल खाण्याच्या, म्हणजे झटक्यांच्या, प्रमाणात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पहिला झटका नुकताच येऊन गेलेल्यांना रोज १०,००० एककांपर्यंत मात्रा देऊनही लाभ आढळला नाही. मात्र २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ‘डी-ले एमएस’ चाचणीने वेगळे दाखवले. पहिल्या झटक्यानंतर तीन महिन्यांच्या आत असलेल्या, अन्य कोणतेही उपचार सुरू न झालेल्या ३१६ जणांची त्यासाठी निवड झाली होती. त्यांना दर दोन आठवड्यांनी १,००,००० एकके ‘ड’ किंवा औषधविरहित मात्रा मिळाली. दोन वर्षांत आजाराच्या हालचाली ‘ड’ घेणाऱ्यांपैकी ६०.३ टक्के, तर इतरांपैकी ७४.१ टक्के रुग्णांमध्ये दिसल्या. हा फरक मुख्यतः एमआरआय प्रतिमांमधील नव्या डागांपुरता होता. प्रत्यक्ष झटक्यांच्या संख्येत ठोस घट सिद्ध झाली नाही. प्रभावी औषध आधीच सुरू असेल तर ‘ड’ची भर दिसून येण्यास वाव उरत नाही आणि तुलनेतील गटालाही थोडे ‘ड’ मिळत असेल तर अंतर आणखी मिटते. निकालांतील तफावतीचे हे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे, पण अंतिम नव्हे.

भारताचे उदाहरण या तर्काला सर्वांत अवघड प्रश्न विचारते. वर्षाचा बराच काळ लख्ख ऊन असूनही येथील शहरी लोकांमध्ये ‘ड’ची कमतरता सर्रास आढळते. सावळी त्वचा, घरात व कार्यालयात जाणारा दिवस, प्रदूषण, अंगभर कपडे ही त्याची कारणे सांगितली जातात. तरीही मल्टिपल स्क्लेरोसिस येथे युरोपच्या मानाने विरळच आहे. त्यातही मुंबईतील नामवंत मज्जातज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की तेच ऊन अनुभवणाऱ्या पारशी समाजात त्याचे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरेच जास्त आहे. तेव्हा ‘ड’ची उणीव एकटी हा आजार घडवत नाही, वंशपरंपरा हवी आणि आणखीही काही हवे. हे ‘आणखी काही’ म्हणजे प्रामुख्याने एप्स्टाइन-बार विषाणू असल्याचा जोरदार पुरावा २०२२ मध्ये पुढे आला. अमेरिकी सैन्यातीलच सुमारे एक कोटी व्यक्तींच्या नोंदी तपासल्यावर, या विषाणूची लागण झाल्यानंतर धोका बत्तीस पटींनी वाढलेला आढळला. हा विषाणू बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात असतो आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो, त्यामुळे इतर अटींमध्ये ‘ड’ची उणीव असणे सहज शक्य आहे.

‘ड’चे महत्त्व कळले म्हणून स्वतःच्या मनाने मोठ्या मात्रा घेणे घातक आहे. चाचण्यांतील मोठ्या मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली दिल्या जातात. प्रौढांसाठी रोज ४,००० एकके ही सर्वसाधारण वरची मर्यादा मानली जाते. अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे कायमची निकामी होऊ शकतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाने ‘ड’च्या भरवशावर मूळ औषध सोडले, तर त्या काळात झालेली मज्जातंतूंची हानी भरून निघण्याची शक्यता फार थोडी असते. कमतरता असल्यास ती भरून काढणे योग्यच आहे, आणि ते डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात व मुख्य उपचारांच्या जोडीने व्हावे.