इलेक्ट्रिक गिटारची घूं घूं आणि १९५७ ची युक्ती

इलेक्ट्रिक गिटार मोबाइलवर रेकॉर्ड करताना मागे सतत घूं घूं ऐकू येते? त्यात अ‍ॅपचा दोष नाही. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, कॉइलमध्ये वीज तयार होते, तोच सिग्नल. पण हीच कॉइल अँटेनासारखी घरातल्या विजेचे ५० हर्ट्झसुद्धा पकडते.

मग इक्वलायझरमध्ये ५० हर्ट्झ कापून टाकू? बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी सूर ४९ हर्ट्झचा असतो. घूं घूं कापायला गेलात की सूरही गेला! आणि घूं घूं १००, १५० हर्ट्झवरही असतेच.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तो एकाच कॉइलचा. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइलच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. दुसरी कॉइल उलटी जोडायची आणि तिचं चुंबकही उलटं ठेवायचं. तारेचा सिग्नल दोनदा उलटतो, म्हणजे सुलटाच राहतो. बाहेरून आलेल्या घूं घूंला मात्र चुंबकाशी देणंघेणं नाही, ती एकदाच उलटते. बेरीज केली की सूर जोडले जातात, घूं घूं वजा होते. हाच हमबकर. १९५७ मध्ये तो गिब्सनच्या गिटारवर आला. त्याच वर्षी फेंडरने बेसचा पिकअप दोन तुकड्यांत केला, दोन-दोन तारांसाठी एकेक, एकमेकांच्या उलट. तुमच्या यूएसबी केबलमधल्या डेटाच्या दोन वायरी याच वजाबाकीवर चालतात. मला तर हे आपल्या कितीतरी कोडपेक्षा देखणं वाटतं.

सुरुवातीच्या हमबकरखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर असायचा. पेटंट १९५९ मध्ये मिळालं, पण पुढच्या स्टिकरवर गिब्सनने नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, लेस पॉल यांच्या टेलपीसचा! आज त्या जुन्या पिकअपना प्रचंड भाव आहे आणि नकली स्टिकरही फिरतात. फक्त स्टिकर बघून पैसे देऊ नका.

एक सल्ला मात्र अजिबात ऐकू नका: 'अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढ, घूं घूं जाईल.' ती अर्थिंगची पिन. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन बॉडीत करंट उतरला, तर अर्थिंगशिवाय तो तुमच्या बोटांपर्यंत येतो. त्यात ओठ मेटलच्या माइकला लागले तर जिवावर बेतू शकतं. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.