शेणखत स्प्रेडर: यंत्र अडकतं, तो मिनिट सगळ्यात धोक्याचा

हा एपिसोड तुम्ही कानात इअरफोन घालून ट्रॅक्टरच्या सीटवर बसून ऐकत असाल, तर आधी एक काम करा. एकतर ट्रॅक्टर थांबवा, नाहीतर मला थांबवा. आणि इअरफोन वायरचा असेल, तर तो काढून खिशात ठेवा. का, ते पुढे कळेलच.

आजचा विषय आहे ट्रॅक्टरमागे ओढायचं, शेणखत विस्कटायचं यंत्र. कोणी स्प्रेडर म्हणतं, कोणी नुसतं 'खताची ट्रॉली'. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात, याची गरज का पडते ते हिशोबानेच बघू. आडसाली उसाला हेक्टरी ३० टन शेणखत किंवा कंपोस्ट द्या, अशी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे एकरी १२ टन. एका घमेल्यात १५ किलो खत धरलं तरी एकराला ८०० घमेली होतात. एवढी घमेली उचलायला माणसं आणायची कुठून? म्हणून यंत्र.

आता यातली गोम बघा. आडसालीची लागण साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. त्याआधी सगळ्यांनाच खत टाकून हवं असतं. गावात स्प्रेडर एक-दोन, आणि फोन पन्नास जणांचे. चालवणाऱ्या पोराला पैसे खेपेवर. जितक्या खेपा, तितकी कमाई. त्यात आभाळ भरून आलेलं. आज जे बोलायचंय ते या घाईबद्दलच आहे, कारण यंत्र चांगलं चालत असताना सहसा कोणाचा हात जात नाही. हात जातो तो यंत्र अडकल्यावर.

आत काय चालतं

खताची पेटी, म्हणजे साध्या ट्रॉलीसारखीच बॉडी. फरक खाली आणि मागे. तळाला दोन बाजूंनी साखळ्या आणि त्यांना जोडलेल्या लोखंडी पट्ट्या असतात. त्या हळूहळू मागे सरकतात आणि खत मागे ओढत नेतात. मागे काटेरी रूळ फिरतात, त्यांना बीटर म्हणतात. काही यंत्रांत ते आडवे, काहींत उभे. हे बीटर खताची ढेकळं फोडतात आणि लांब फेकतात. पट्ट्यांचा वेग वाढवला की खत जाड पडतं, ट्रॅक्टर पळवला की पातळ.

ही सगळी ताकद येते ट्रॅक्टरच्या पीटीओमधून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जो दातेरी दांडा बाहेर आलेला असतो, त्याच्यातून. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला तो ६ दातांचा असतो आणि त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. तिथून यंत्रापर्यंत जाणारा जो शाफ्ट आहे, तो आजच्या एपिसोडचा खलनायक.

५४० हा आकडा ऐकायला फार वाटत नाही. मोटरसायकलचं इंजिन त्याच्या दुप्पट वेगाने नुसतं उभ्याउभ्या फिरतं. पण सेकंदाचा हिशोब करा. ५४० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. शाफ्टच्या जॉइंटचा घेर साधारण २३ सेंटीमीटर धरा. ९ गुणिले २३, म्हणजे सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त कापड तो स्वतःभोवती गुंडाळू शकतो. तुमच्या गळ्यातला पंचा तरी किती लांब असतो? दीड मीटर. 'अरे' म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो संपलेला असतो, आणि त्याच्यामागून तुम्ही ओढले जाता. हुडीची दोरी, साडीचा पदर, ओढणी, बाहीचं सुटलेलं बटण, इअरफोनची वायर, शाफ्टला सगळं सारखंच. गुळगुळीत शाफ्ट कापड पकडणार नाही असं काहींना वाटतं. पण त्याच्यावर चिकटलेलं वाळकं शेण, गुंडाळलेली सुतळी आणि जॉइंटच्या पिनेचं बाहेर आलेलं टोक, हे पकडायला पुरेसं असतं.

म्हणूनच शाफ्टवर प्लॅस्टिकचं नळीसारखं कव्हर येतं. ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याला दोन्ही टोकांना बारीक साखळी असते, ती ट्रॅक्टरला आणि यंत्राला अडकवायची. गावात दहा स्प्रेडर बघा, किती कव्हर जागेवर सापडतात ते मला सांगा. 'ग्रीस मारायला आड येतं' म्हणून काढतात, आणि काढलेलं कव्हर कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलेलं असतं. तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन बंद, किल्ली काढलेली, आणि मग हाताने कव्हर फिरवून बघा. शाफ्ट जागेवर राहून कव्हर मोकळं फिरलं तर ठीक. दोन्ही एकत्र फिरत असतील, तर ते कव्हर नाही, नुसतं सोंग आहे.

आता तो मिनिट

उकिरड्यातलं खत म्हणजे नुसतं शेण नसतं. त्यात दगड निघतात, युरियाच्या गोण्या, बांधायच्या तारा, सुतळी, कधी तुटलेला विळासुद्धा. ओलं खत बीटरमध्ये गच्च बसतं. यंत्र गुरगुरतं, फेकणं थांबतं. ड्रायव्हर मागे वळून बघतो. आणि मग बांधावरून हा संवाद ऐकू येतो:

'अण्णा, बंद करू का?'

'नको रे, चालूच ठेव. क्लच दाबून धर, मी काढतो.'

हे वाक्य मला फार धोकादायक वाटतं. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो, त्यामुळे सगळं बंद झाल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात एका माणसाचा हात आत आहे आणि दुसऱ्याचा चिखलाने भरलेला पाय एका पेडलवर. पाय घसरला, फोन वाजला, मधमाशी चावली, एवढंच पुरे.

बरोबर क्रम असा: पीटीओचा दांडा बंद करायचा, इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि किल्ली काढून आत हात घालणाऱ्याच्या खिशात टाकायची. ड्रायव्हरच्या नाही. ज्याचा हात आत, त्याच्याकडे किल्ली. मग बीटर पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं, कारण पीटीओ बंद केल्यावरही जड बीटर काही सेकंद आपल्याच जोरावर फिरतात. त्यानंतरसुद्धा आधी लांब दांड्याचं फावडं किंवा काठी वापरायची. अडकलेल्या साखळीत ताण साठलेला असतो. दगड निघाला की इंजिन बंद असूनही बीटर झटक्यात थोडा फिरतो, आणि त्या 'थोड्या'त बोट असू शकतं.

याला लागतात दोन मिनिटं. खेपेवर पैसे मिळणाऱ्या पोराला ती दोन मिनिटं महाग वाटतात, हे मला समजतं. म्हणून हे मालकाने सांगायला हवं. 'बंद करूनच काढ, उशीर झाला तर मी बोलणार नाही', एवढं त्याने खेप सुरू व्हायच्या आधी म्हटलं तर पोराचा निम्मा दबाव तिथेच उतरतो.

बोल्टची गोष्ट

शाफ्टच्या एका टोकाला बहुतेक यंत्रांत एक मुद्दाम कमजोर ठेवलेला बोल्ट असतो, शिअर बोल्ट. घरातल्या फ्यूजसारखा. बीटरमध्ये दगड आला की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. आता होतं काय, दिवसात तीन वेळा बोल्ट तुटला की वैतागून कोणीतरी दुकानातून 'एकदम मजबूत' बोल्ट आणतं. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात, ४.६, ८.८ असे. आकडा मोठा, बोल्ट टणक. ४.६ च्या जागी ८.८ ठोकला की बोल्ट तुटायचा थांबतो आणि पुढच्या दगडाला साखळी तुटते, नाहीतर गिअरबॉक्सचे दात जातात. वीस रुपये वाचवायला गेलेलं काम हजारांत जातं. यंत्राच्या पुस्तकात जो आकडा दिलाय तोच बोल्ट, आणि त्याचे दहा नग डब्यात ठेवा. बोल्ट सारखा तुटत असेल, तर खत भरतानाच दगड वेचा.

ग्रीस, पाणी आणि थोडी शिस्त

देखभालीचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, पण मला तो सुरक्षिततेचाच भाग वाटतो. यंत्र जितकं कमी अडकेल, तितक्या कमी वेळा हात आत जाईल.

शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना ग्रीसचं निपल असतं. साधारण आठ तासांच्या कामाला एकदा ग्रीस, म्हणजे रोज सकाळी. शाफ्टची आतली नळी बाहेरच्या नळीत सहज सरकते का तेही बघा. ती जाम झाली, तर वळताना शाफ्टला लहान-मोठं होता येत नाही आणि धक्का थेट बेअरिंगवर बसतो. तीव्र वळणावर पीटीओ बंद करायची सवय लावा. वळताना शाफ्टमधून कटकट आवाज येतो, तो शाफ्ट तुम्हाला तेच सांगत असतो.

तळाच्या दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा हवा. एक सैल, एक घट्ट झाली की पट्ट्या तिरक्या चालतात आणि अडकतात. संध्याकाळी यंत्र धुवा. शेण आणि कोंबडखत ओलं राहिलं की पत्रा खातं. याच पद्धतीच्या यंत्रातून युरिया किंवा दाणेदार खत फेकत असाल तर धुणं टाळूच नका. ही खतं हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि सकाळपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यात दगडासारखी बसतात. धुवून, सुकवून, साखळीवर ऑइलचा हात फिरवायचा.

क्रिकेटच्या आणि गोल्फच्या मैदानांवर हिरवळीवर वाळू पसरायला टॉपड्रेसर नावाचं यंत्र ओढतात, तेही याच कुळातलं. तळाला पट्टा, मागे फिरणारा ब्रश. त्यातली काही यंत्रं पीटीओवर न चालता स्वतःच्याच चाकांवर चालतात: गाडी थांबली की ब्रशही थांबतो. आपल्याकडे भरलेल्या ओल्या शेणखताला तेवढी ताकद पुरत नाही, म्हणून पीटीओ लागतो, आणि गाडी उभी असतानाही बीटर फिरत राहतो.

जोडताना आणि रस्त्यावर

ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यामध्ये कोणीही उभं राहायचं नाही. ट्रॅक्टर थांबला, ब्रेक लागला, मगच पिन घालायला माणूस आत. पिनेला लॉक हवाच, वाकवलेला खिळा नको. यंत्र नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वरच्या टॉप लिंकच्या जागी जोडलं आणि चाकं रुतली, की ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटू शकतो. अकोल्याकडच्या चढावर तर हे विसरूच नका. खत अर्धवट मागे असताना यंत्र सोडूही नका. मागचा भार जड होऊन पुढचा दांडा एकदम वर येतो.

खत फेकताना मागे कोणी नको. बीटरमधून दगडही तेवढ्याच जोरात सुटतो. आणि भरलेल्या पेटीवर बसून 'वरून ढकलतो' म्हणणाऱ्या पोराला आधी खाली उतरवा. तळाची साखळी त्याला थेट बीटरकडेच नेते.

रस्त्यावर पीटीओ बंद, मागे लाल रिफ्लेक्टर. शेणाने माखलेला रिफ्लेक्टर नसल्यासारखाच, म्हणून निघण्याआधी तेवढा पुसा.

झालंच तर

कोणी अडकलं तर पहिलं इंजिन बंद. यंत्र उलटं फिरवून सोडवायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको. जखम लहान असली तरी शेणाचा संबंध आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला त्याच दिवशी जा.

आता पैशाचं. मळणी यंत्रांवर हात जायचे म्हणून १९८३ मध्ये देशात धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, पण त्यात नाव घेऊन आलंय ते मळणी यंत्रच. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. पण ही योजना सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. स्प्रेडर चालवणारा पोरगा बऱ्याचदा भूमिहीन असतो. सगळ्यात जास्त वेळ शाफ्टजवळ तोच, आणि योजनेबाहेरही तोच.

त्याच्यासाठी निदान एक गोष्ट आजच होऊ शकते. बँकेत खातं असेल आणि वय १८ ते ७० मध्ये असेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणजे आडसालीच्या खेपा सुरू होण्याच्या तोंडावरच. मालक लोकहो, ते २० रुपये तुम्ही भरा. फॉर्म बँकेत मिळतो, आणि बऱ्याच बँकांच्या मोबाईल ॲपवरही भरता येतो. हप्ता खात्यातून कापला जातो, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी त्या खात्यात तेवढी रक्कम आहे ना, हे त्याला बघायला सांगा.

तुमच्या स्प्रेडरच्या शाफ्टवर कव्हर आहे की नाही, त्याचा फोटो पाठवा. इंजिन बंद करून काढलेला. भेटू पुढच्या भागात.