बेचिराग

रशियातल्या पालाश्चेल्ये गावचे रंगवलेले लाल घोडे या आठवड्यात दाखवतो असं कबूल केलं होतं. घोडे थांबतील. मध्येच एका निवृत्त तलाठ्यांचं पत्र आलं आणि आठवडा त्यातच गेला. ते विचारतात : "रशियातल्या लेशुकोन्स्की जिल्ह्यात माणूस नसलेली गावं आहेत म्हणता, मग ती दप्तरात ठेवतात कशाला? आमच्याकडे अशा गावाला बेचिराग म्हणत."

शब्द त्यांनी अचूक लिहिलाय. आपण बोलताना 'बेचिराख' करतो आणि उगाच राख डोळ्यांपुढे आणतो. मुळात राख नाही, चिराग आहे. गावात दिवा लागत नाही, पण शिवार आहे, नोंद आहे. रशियात जुन्या काळी घरं मोजत ती धुरावरून. 'दीम' म्हणजे धूर. जितके धूर तितकी खंडणी, असे उल्लेख त्यांच्या अगदी जुन्या बखरींत आहेत. आपण दिवा मोजला, त्यांनी चूल.

आता नकाशा उघडू. सोव्हिएत लष्करी नकाशांवर खेड्याच्या नावाखाली बारीक आकडा असतो. कधी तो घरांचा असतो, कधी लोकसंख्येचा, आणि लोकसंख्या हजारांत. त्यामुळे वीस माणसांच्या गावाखाली छापलेलं असतं 0.02. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती उंची वाटली होती! पुढच्या आवृत्तीत आकडा जातो आणि 'नेझिल.' येतं, म्हणजे राहतं नाही. त्याच्याही पुढे गावाचं चिन्हच जातं आणि नावाआधी दोन अक्षरं बसतात : 'उर.', म्हणजे उरोचिश्चे. हा शब्द खास गावासाठी नाही. भोवतालापासून वेगळी ओळखू येणारी कुठलीही जागा, मग ती देवदारांची राई असो की दलदल, उरोचिश्चेच. गाव पुन्हा रानाच्या यादीत गेलं. नाव तेवढं मागे राहिलं.

जागेवर तरी काय सापडतं? फारसं काही नाही, कारण उत्तरेतलं घर ओंडक्यांचं. ओंडक्यांवर खुणा घालायच्या, घर उतरवायचं आणि दुसरीकडे तसंच उभं करायचं, ही तिथली जुनी रीत. माणसाबरोबर घरही जातं. मागे राहते क्रापीवा ही वनस्पती, अंगाला लागली की आग आग करणारी. पिढ्यान् पिढ्यांचं शेण आणि चुलीची राख मुरलेल्या मातीत ती माजते. रानात मध्येच तिचा दाट चौकोन दिसला, तर समजावं की इथं गोठा होता. (म्हणजे राख शेवटी आलीच.)

आता दप्तर. 2002च्या रशियन खानेसुमारीत 1,55,289 ग्रामीण वस्त्या होत्या. त्यांतल्या 13,086 वस्त्यांत एकही माणूस नव्हता. 2010मध्ये अशा वस्त्या 19,416 झाल्या. हे आकडे दाखवून 'रशिया ओस पडला' असे मथळे देतात. मला ते पटत नाहीत, आणि त्याचं कारण ऑक्टोबर. दोन्ही खानेसुमाऱ्या मुख्यतः त्या महिन्यात झाल्या. तोवर बटाटे काढून झालेले असतात. उन्हाळ्यापुरती आलेली मंडळी आजीच्या घराला कुलूप लावून शहरात परतलेली असतात. जुलैत ज्या गावात चार-पाच धुरांडी पेटलेली असतात, त्याच गावापुढे ऑक्टोबरात शून्य पडतं. उलटंही होतं : कागदावर दोन माणसं, आणि ती कित्येक वर्षं शहरातल्या लेकीकडे.

म्हणून, तलाठीसाहेब, नाव काढत नाहीत. काढायचं तर प्रांताच्या विधिमंडळात तसा कायदा करावा लागतो. वारसांची घरं असतात, स्मशान असतं. कोण घाई करणार?

घाई एकदा झाली होती. साठच्या दशकापासून नियोजनकारांनी खेड्यांचे दोन ढीग केले : भवितव्य असलेली आणि 'नेपेर्स्पेक्तीव्नया', भवितव्य नसलेली. दुसऱ्या ढिगातल्या गावात नवं बांधकाम नाही. शाळा बंद, मग दुकान बंद. लहान मुलांचे आईबाप तिथं कशाला राहतील? ही वर्गवारी 1980मध्ये रद्द झाली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. थंडीनं ही गावं मोडली असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की थंडी शेकडो वर्षं होतीच.

लेशुकोन्स्की जिल्हा सुमारे 28 हजार चौरस किलोमीटरचा, आणि 2010मध्ये माणसं आठ हजारांच्या आत. माणशी साडेतीन चौरस किलोमीटर. पण ही सरासरी फसवी आहे. निम्म्याहून अधिक माणसं एकट्या लेशुकोन्स्कोये गावात, वाश्का नदी मेझेनला मिळते तिथं. उरलेली बहुतेक या दोन नद्यांच्या काठांवर. काठ सोडून आत शिरलं की जंगल आणि दलदल. तिथं गाव मोडलेलं नाही, तिथं ते कधी वसलंच नव्हतं. ओसाड आणि निर्जन यांत आपण फरक करतो. या जिल्ह्याचा नकाशा वाचताना तो फार कामाला येतो.

तुमच्या तालुक्यात बेचिराग गाव असेल, तर त्याचं नाव आणि तिथं आज काय उगवतं, एवढं पोस्टकार्डावर कळवा. घोडे पुढच्या आठवड्यात, नक्की.