जुना मिनी संगणक जागवताना आधी सांभाळा वीज

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आकाराला आलेला ‘टीडीसी-१२’ हा देशी संगणक १९६९ मध्ये हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने बाजारात आणला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ हे त्याचे पूर्ण नाव. अमेरिकी ‘पीडीपी-८’ (१९६५) आणि ‘पीडीपी-११’ (१९७०) हे त्याचे समकालीन. मिनी संगणकांच्या या पिढीने पन्नाशी ओलांडली आहे. असे एखादे यंत्र महाविद्यालयाच्या अडगळीत सापडले, तर पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. नेमका तोच मोह यंत्राच्या जिवावर बेतू शकतो.

धोका कुठे?

वीजपुरवठा विभागातील मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ विद्युतरोधक थर असतो. वर्षानुवर्षे वापर नसेल तर तो क्षीण होतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाब दिल्यास कपॅसिटर तापून फुटू शकतो. त्याहून मोठा धोका पुढच्या टप्प्यात असतो. सत्तरच्या दशकातील ७४०० मालिकेच्या चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात आणि ७ व्होल्टच्या पुढे त्या निकामी होऊ शकतात. दाब नियंत्रित करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर क्षणार्धात शेकडो चिपचा बळी जातो. अशा चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतील. परंतु जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि चुंबकी कड्यांच्या ‘कोअर मेमरी’चे बोर्ड मिळणे दुरापास्त.

सुरुवात कशी?

प्रथम सर्व बोर्ड क्रमांक घालून काढून ठेवावेत. कपॅसिटरमधील साठलेली वीज रेझिस्टरमधून उतरवावी. त्यानंतर प्रत्येक कपॅसिटरला रेझिस्टरमार्गे, गळती मोजत, काही तास टप्प्याटप्प्याने दाब द्यावा. गळती कमी होत नसेल तर तो बदलावा. मग ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या पुरवठ्याला, प्रयोगशाळांत परिचित असलेल्या डिमरस्टॅटने, सावकाश वीज द्यावी. मालिकेत साधा बल्ब जोडावा. कुठे शॉर्ट असल्यास बल्ब उजळतो आणि यंत्र वाचते. संगणकाऐवजी आधी कृत्रिम भार जोडून पाहावा. ५ व्होल्ट, २० अॅम्पियरसाठी १ ओहम, ५० वॅटचे चार रेझिस्टर समांतर जोडले की पुरे.

पर्यायी पुरवठा

मूळ पुरवठा दुरुस्त होत नसल्यास दुकानांच्या एलईडी फलकांसाठी मिळणारा ५ व्होल्ट, ४० अॅम्पियरचा पुरवठा उपयोगी पडतो. तथापि यंत्राची गरज आधी ओळखावी. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या १९६५ च्या ‘पीडीपी-८’ला अधिक १० आणि उणे १५ व्होल्ट लागतात, तेथे ५ व्होल्टचा उपयोग नाही.

जोडणीतही तीन गोष्टी पाहाव्या लागतात. तारा जाड हव्यात. २० अॅम्पियरला ०.०२ ओहमचा रोधही ०.४ व्होल्ट खातो आणि चिपपर्यंत ४.६ व्होल्टच पोहोचतात. दाब वाढताच पुरवठा शॉर्ट करून चिप वाचवणारे ‘क्रोबार’ मंडल असावे. तिसरी बाब सहज विसरली जाते. वीज जाऊ लागताच ‘पीडीपी-११’चा मूळ पुरवठा संगणकाला इशारा देतो आणि त्या अवधीत चालू काम कोअर मेमरीत सुरक्षित ठेवता येते. फलकाच्या पुरवठ्यात ही सोय नसते; ती वेगळ्या मंडलाने करावी लागते. अमेरिकी यंत्र ११५ व्होल्टसाठी जोडलेले असल्यास आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नये, हेही ओघाने आलेच.

मूळ पुरवठा मात्र टाकून देऊ नये. नवी जोडणी मूळ तारा न कापता, पुन्हा काढता येईल अशीच करावी. कमी संख्येने बनलेल्या देशी यंत्रांच्या बाबतीत सोबतची पुस्तिका आणि मंडलांचे आराखडे हाच दुरुस्तीचा मुख्य आधार असतो. त्यामुळे कपाट भंगारात देण्याआधी निदान ते कागद तरी जपून ठेवायला हवेत.