आवाज एक, कान अनेक

जानेवारी २०२३ मधल्या एका शुक्रवारी सकाळी भुसावळ आणि सावदा परिसरात जमीन हलली. नोंदलेली तीव्रता ३.३ होती, म्हणजे सौम्यच. अशा लहान धक्क्यांबरोबर पुष्कळदा जमिनीतून गडगडाट ऐकू येतो, आणि हादऱ्याने घाबरत नाहीत इतकी माणसे त्या आवाजाने घाबरतात. कारण हादरा क्षणात सरतो. आवाज मात्र ‘हा कुठून आला?’ हा प्रश्न मागे ठेवतो. मग कोणी दगडखाणीतल्या सुरुंगाकडे बोट दाखवतो, कोणी खोल गेलेल्या ट्यूबवेलकडे, कोणी विमानाकडे, तर कोणी सरळ दैवी कोपाकडे. समुद्राच्या पोटातून येणाऱ्या अनोळखी आवाजांबाबत शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता. तो त्यांनी ज्या रीतीने सोडवला, ती रीत समुद्रापासून तीनशे किलोमीटर दूर असलेल्या आपल्या या केळीपट्ट्यालाही उपयोगाची आहे. आवाज गूढ राहतो तो ऐकणारा कान एकच असतो म्हणून. कान वाढले, नोंदी वाढल्या, की गूढ आकसत जाते.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, समुद्रात सुमारे १५०० मीटर. त्यातही खोल समुद्रात एक खास वाट आहे. वरून खाली जाताना पाणी थंड होते म्हणून आवाजाचा वेग घटतो. आणखी खाली दाब वाढतो म्हणून तो पुन्हा वाढतो. या दोहोंच्या मध्ये, उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत साधारण एक किलोमीटर खोलीच्या आसपास, कमी वेगाचा एक थर तयार होतो. त्यात शिरलेला खर्जातला आवाज वर किंवा खाली निसटू पाहतो तेव्हा पुन्हा आत वळवला जातो आणि फारसा क्षीण न होता हजारो किलोमीटर जातो. १९९१ च्या जानेवारीत दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळ पाण्यात मुद्दाम आवाज सोडण्यात आला. भारतासह अनेक देशांचे शास्त्रज्ञ या प्रयोगात सामील होते, आणि तो आवाज सुमारे १८,००० किलोमीटरवर टिपला गेला. समुद्रातले आवाज गूढ का वाटतात, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. ऐकणारा एका महासागरात असतो आणि उगम दुसऱ्या टोकाला.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘ब्लूप’. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागरी व हवामान संस्थेने प्रशांत महासागरात बसवलेल्या हायड्रोफोनांनी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी, एक प्रचंड आवाज टिपला. साधारण मिनिटभरात तो खालच्या पट्टीतून वर चढत गेला, आणि ५,००० किलोमीटरहून दूरच्या यंत्रांवरही उमटला. तो एखाद्या अवाढव्य प्राण्याने केला असावा, ही कल्पना जगभर पसरली. पण लोकांनी जो ‘गुळुप’ आवाज ऐकला तो मूळ नोंद सोळापट वेगाने वाजवून ऐकवलेला होता. खर्जातला मूळ आवाज माणसाच्या कानाला नीट ऐकूच येत नाही. शिवाय एवढा जोर निर्माण करणारा प्राणी निळ्या देवमाशाहूनही मोठा असायला हवा. उत्तर मिळाले ते अंटार्क्टिकाच्या जवळ आणखी हायड्रोफोन बसल्यावर. २००८ मध्ये स्कोशिया समुद्रात एक हिमनग फुटत असताना जे आवाज नोंदले गेले, त्यांची घडण ब्लूपशी जुळली. मोठ्या बर्फाला तडा जाताना, तो तुटून पडताना असा आवाज होतो, हे स्पष्ट झाले. मार्च १९९९ मधल्या ‘ज्युलिया’ या आवाजाचे मूळही अंटार्क्टिकाजवळ तळाला घासत अडकलेल्या मोठ्या हिमनगात असावे, असे ‘नोआ’ने म्हटले आहे.

प्राण्यांचा वाटा नाही, असे मात्र नाही. १९६० च्या दशकात पाणबुड्यांवरच्या सैनिकांनी बदकाच्या ओरडण्यासारखा एक आवाज ऐकला होता. त्याचा धनी सापडायला २०१४ उजाडले. मिंक देवमाशांच्या पाठीवर चिकटवलेल्या नोंदयंत्रांनी तो त्यांचाच असल्याचे दाखवले. मारियाना गर्तेच्या परिसरात २०१४ मध्ये टिपलेला धातूच्या तारेसारखा विचित्र झणत्कार ब्राइड देवमाशांचा आहे, हे २०२४ मध्ये पक्के झाले. त्यासाठी दोन लाख तासांच्या ध्वनिमुद्रणाची संगणकाकडून छाननी करून घ्यावी लागली. आपल्या अरबी समुद्रातही हे काम चालू आहे. लक्षद्वीपच्या कवरत्तीजवळ २०१८ च्या अखेरीस समुद्रतळाशी ठेवलेल्या नोंदयंत्रांनी निळ्या देवमाशांची गाणी टिपली आणि त्या पाण्यात त्यांचा वावर आहे याचा पुरावा दिला. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ग्रँड बेटाजवळ माशांच्या थव्यांचे समूहस्वर आणि झिंग्यांचा अखंड तडतडाट नोंदला आहे. कोकण किनाऱ्यावर ढोमा आणि घोळ म्हणून ओळखले जाणारे मासे ज्या कुळातले आहेत, ते कूळच पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढण्यासाठी प्रसिद्ध आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. समुद्रतळाचा जेमतेम चौथा हिस्सा बारकाईने मोजलेला असताना, अज्ञात महाकाय जीव नाहीच असे कसे म्हणता? नवे जीव सापडतील यात शंका नाही, दरवर्षी सापडतात. पण एखाद्या आवाजाचे कारण ठरवताना ‘काहीही शक्य आहे’ एवढ्याने भागत नाही. त्या कारणाने आवाजाची पट्टी, जोर, जागा आणि ऋतू यांचा हिशेब जुळवून द्यावा लागतो. बर्फाने तो जुळवला, राक्षसी प्राण्याने नाही. दुसरा आक्षेप असा की शास्त्रज्ञच आधी एक सांगतात, मग दुसरे. त्यांच्यावर भरवसा का ठेवायचा? उत्तर बदलले ते नवी नोंद हाती आल्यावर, आणि पुरावा आल्यावर मत बदलणे हीच भरवशाची खूण आहे. तिसरा मुद्दा खरा आहे: काही आवाज अजून सुटलेले नाहीत. १९९१ पासून ऐकू येणारा ‘अपस्वीप’ त्यातलाच. पण त्याचा उगम दक्षिण प्रशांतातल्या ज्वालामुखींच्या भागाजवळ आहे आणि तो ऋतूनुसार वाढतो-घटतो, एवढे माहीत आहे. न सुटलेल्या प्रश्नालाही कुंपण घालता येते, ते असे.

जमीन आणि समुद्र यांना जोडणारी घटना २०१८ ची. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला जगभरच्या भूकंपमापकांवर एक संथ, एकसुरी गुणगुण उमटली आणि वीस मिनिटांहून अधिक काळ चालली. ती कोणा माणसाला ऐकू आली नाही. तिचा माग मादागास्करजवळच्या मायोत बेटाच्या पूर्वेला निघाला. मे २०१९ मध्ये संशोधन जहाज तिथे पोचले, तेव्हा साडेतीन किलोमीटर खोल तळावर ८०० मीटरहून उंच असा नवा ज्वालामुखी उभा होता. तळाखालचा शिलारस सरकताना जमीन कंप पावत होती. दूरदूरच्या यंत्रांनी वेळा नोंदल्या नसत्या तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आता हीच रीत सावद्याला लावून पाहू. हवेतला आवाज एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो. तेवढ्या वेळात खडकातली भूकंपाची पहिली लहर पंधरा किलोमीटर पार करते. ही पहिली लहर जमिनीबाहेर हवेत उतरते तेव्हाच गडगडाट ऐकू येतो. सावद्याजवळ सुरुंग उडाला किंवा इतर कुठला स्फोट झाला, तर तो आवाज वीसेक किलोमीटरवरच्या रावेरला पोचायला मिनिटभर लागेल. उलट, आवाज जमिनीखालून आला असेल तर सावदा, फैजपूर, यावल आणि रावेर इथे तो काही सेकंदांच्या आत ऐकू येईल, आणि सोबत हादराही जाणवेल. चार गावांतल्या चार अचूक वेळा एवढे सांगू शकतात. भूकंपमापकांचे जाळे असेल तर उगमाची खोलीही कळते.

खान्देशाला अशा जाळ्याची गरज आहे, कारण आपण तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांत जुने, खोल भ्रंश, म्हणजे खडकांतल्या भेगा, आहेत. चोपडा तालुक्यातले उनपदेवचे गरम पाण्याचे झरे जमिनीत खोलवर गेलेल्या अशाच वाटांची साक्ष देतात. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा भागात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची आणि आवाजांची मालिका सुरू झाली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रे बसवली, आणि या लहान धक्क्यांचा पावसाच्या मुरणाऱ्या पाण्याशी संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. भीतीची जागा अभ्यासाने घेतली ती यंत्रे आल्यावर.

कोणी म्हणेल, भूकंपाचे भाकीत करता येत नसेल तर या ऐकण्याचा उपयोग काय? भाकीत करता येत नाही, हे खरेच. पण कोणता भ्रंश जागा आहे, धक्के किती उथळ आहेत, हे कळले तर कुठे काय आणि कसे बांधायचे ते ठरवता येते. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लहान धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. प्रत्येक लहान धक्क्यामागून मोठा येतोच असे नाही, बहुतेकदा येत नाही. तरीही आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांची तपासणी करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

म्हणून दोन मागण्या आहेत. प्रशासनाने जळगाव जिल्ह्यात तापीच्या दोन्ही काठांवर भूकंपमापकांचे दाट जाळे उभारावे आणि त्यांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवाव्यात. आणि पुढच्या वेळी आवाज आला, तर वाचकांनी मोबाइलवरची अफवा पुढे पाठवण्याआधी घड्याळ पाहावे: वेळ, गाव, आवाज किती सेकंद टिकला आणि जमीन हलली की नाही, एवढे लिहून तहसील कार्यालयाला कळवावे. शाळा-महाविद्यालयांतल्या विज्ञान शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर त्याहून चांगला प्रयोग नाही.